अंजदीवचे सात हुतात्मे

गोवामुक्तीचा विषय निघाला की, ‘दीड दिवसात पोर्तुगीज शरण आले’ एवढे सांगून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. जणू सैन्याने केवळ संचलन केले आणि गोवा मिळाला! कारवारसमोरील अंजदीव बेटाची हकीकत ज्याला ठाऊक आहे, तो असे म्हणणार नाही.

1961च्या नोव्हेंबरात या बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या. पाठोपाठ एक मच्छीमारही बळी पडला. 18 डिसेंबरला सकाळी ‘त्रिशूल’ व ‘म्हैसूर’ या युद्धनौका बेटासमोर उभ्या ठाकल्या. लेफ्टनंट अरुण ऑडिटो यांच्या नेतृत्वाखाली नौसैनिकांची तुकडी बोटींतून निघाली. बेटावर पांढरे निशाण दिसत होते. पहिली फळी किनाऱ्याला लागली. दुसरी पाण्यात असतानाच मशीनगन धडाडल्या. शरणागतीचे निशाण दाखवून केलेल्या या दग्याला युद्धनौकांच्या तोफांनी उत्तर दिले. ऑडिटो यांची तुकडी मागे फिरली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी बेट ताब्यात आले. ऑडिटो यांना पुढे नौसेना पदक मिळाले.

या मोहिमेत कामी आलेल्या बावीस भारतीय जवानांपैकी सात अंजदीवचे. त्यांची नावे गोव्यातील ‘गोमंतक’ या नौदल तळावरील स्मारकावर कोरलेली आहेत. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या यवतमाळच्या विद्यार्थ्याने ती वाचायची कोठे? आपल्या शालेय इतिहासात या सात नावांपुरती चार ओळींची जागा शिक्षण खात्याने करून द्यावी.