खुराडे आधी, कोंबडी नंतर

घरच्या कोंबडीचे अंडे खावे, ही हौस आता शहरातही शिरली आहे. गच्चीवर वांगी-टोमॅटो लावून झाले की पुढची पायरी म्हणून दोन-तीन कोंबड्यांचा विचार होतो. सदाशिव पेठेत तो बोलून दाखवला, तर आधी चेष्टा होईल आणि मग सोसायटीचे नियम पुढे येतील. चेष्टेचा भाग सोडला, तर शेजाऱ्यांची शंका आरोग्याच्या दृष्टीने रास्त आहे. हौसेला माझा विरोध नाही. पण पेठेतल्या कोंबडीचा प्रश्न पाळणाऱ्याच्या ताटाचा कमी आणि शेजारच्या खिडकीचा जास्त आहे. खुराडे बांधायचे ते हे लक्षात ठेवून.

‘परसातील कुक्कुटपालन’ ही कल्पना मूळची खेड्यातली. तिथे गिरिराज, वनराज अशा कोंबड्या उकिरडा उकरून किडे वेचतात, विष्ठा शेतात जाते आणि शेजारचे घर लांब असते. पेठेतल्या वाड्यांचे परस वाड्यांबरोबरच गेले. उरली ती इमारतीच्या कडेची शहाबादी फरशी, नाहीतर गच्ची. इथे कोंबडी मोकळी सोडता येत नाही; तिचे सगळे आयुष्य खुराड्यातच जाते.

पहिला धोका उंदीर-घुशींचा. ते येतात कोंबडीसाठी कमी, तिच्या खाद्यासाठी जास्त. १८९७ च्या प्लेगने पुण्याच्या दाट वस्तीचे काय केले, हे आपण इतिहासात वाचतो. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले ते त्यानंतर, १८९८ मध्ये. आज प्लेगची भीती नसली, तरी उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतोच. मोठ्या भोकांची स्वस्त जाळी कोंबडीला अडवते, उंदराच्या पिल्लाला नाही. म्हणून अर्धा इंच चौकोनाची वेल्ड केलेली जाळी घ्यावी आणि ती तळालाही लावावी. खुराडे पायांवर दीड-दोन फूट उचलावे. एका कोंबडीला दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य लागते; तेवढेच मोजून घालावे, उरलेले रात्री उचलावे आणि साठा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा.

दुसरा धोका वरून येतो. पेठेत पारव्यांची कमतरता नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत हा रोग पारव्यांकडूनही येऊ शकतो. बर्ड फ्लूचा विषाणू प्रामुख्याने पाणपक्ष्यांत वावरतो. भारतात त्याचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला झाला आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. सध्याच्या पद्धतीनुसार लागण सिद्ध झाली की एक किलोमीटर परिसरातले पाळीव कोंबडीवर्गीय पक्षी नष्ट करतात. त्यात ‘आमच्या तीनच आहेत’ ही सबब चालत नाही. तेव्हा वर पक्के छप्पर आणि चारी बाजूंनी जाळी हवीच, पिल्लांना मानमोडीची लसही वेळेवर हवी.

तिसरा मुद्दा जागेचा आणि वासाचा. पिंजऱ्यातल्या व्यावसायिक कोंबडीला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा मिळते. तेच घरी करायचे असेल तर कोंबडी पाळू नये. तीन कोंबड्यांना निवाऱ्यासाठी आठ-नऊ चौरस फूट, फिरायला आणखी पंचवीस-तीस चौरस फूट, बसायला आडवी काठी आणि अंड्यासाठी फूटभर लांबी-रुंदीची पेटी द्यावी. तळाला तीन-चार इंच भाताचे तूस घालून ते वरचेवर हलवावे. तूस भिजले की विष्ठेतून अमोनिया सुटतो, माश्या होतात. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ दमेकऱ्यांना बाधते; वर्षानुवर्षे छातीत गेली तर काहींना फुप्फुसाचा चिवट आजार जडतो. म्हणून खुराडे कुणाच्याही खिडकीखाली नको आणि साफ करताना तोंडाला मास्क हवा.

चौथा मुद्दा पाण्याचा. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला. संशयाची सुई दूषित पाण्याकडे होती. हा जीवाणू कोंबडीच्या आतड्यात तिला आजारी न पाडता राहू शकतो, साल्मोनेलाचेही तसेच. इमारतींच्या जमिनीतल्या टाक्यांची झाकणे अनेकदा ढिली असतात. अशा अंगणात पाइप मारून विष्ठा धुणे म्हणजे सगळ्या इमारतीच्या पोटाशी खेळ. विष्ठा कोरडीच खरवडावी आणि झाकलेल्या पिंपात खत करावी. हात साबणाने धुवावेत, लहान मुलांना कोंबडीचे मुके घेऊ देऊ नयेत आणि अंडे पूर्ण शिजवूनच खावे.

कोंबडी आजारी पडली तर दुकानातून अँटिबायोटिक आणून पाण्यात कालवू नये. औषधाचा अंश अंड्यात उतरतो आणि जीवाणू औषधांना दाद देईनासे होतात. याच कारणाने कॉलिस्टिन हे औषध २०१९ मध्ये खाद्य प्राण्यांसाठी बंद झाले. पशुवैद्य गाठावा. एकदम कोंबड्या मेल्या तर त्या कचऱ्यात न टाकता पशुसंवर्धन विभागाला कळवावे.

एवढे सगळे का करायचे? घरचे अंडे जास्त पौष्टिक म्हणून नक्कीच नाही. कवचाचा रंग जातीवर ठरतो, पोषणावर नव्हे. तपकिरी अंड्यात पांढऱ्यापेक्षा वेगळे काही नसते. खर्चाचा हिशेबही दुकानाच्याच बाजूने लागतो. मिळते ते इतकेच, की आपले अन्न कुठून येते हे घरातली मुले रोज पाहतात आणि एक जीव बऱ्या अवस्थेत जगतो. मला ते मोलाचे वाटते. पण त्याची किंमत शेजाऱ्याने मोजू नये. महापालिकेचे नियम विचारावेत, शेजाऱ्यांची लेखी संमती घ्यावी. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, तेव्हा पहाटेची बांग टाळावी. अंडी कमी झाल्यावर त्या कोंबडीचे काय करायचे, हेही आधीच ठरवावे. आणि रोजची वीस मिनिटे देणे जमणार नसेल, तर कोपऱ्यावरच्या दुकानातले अंडे आहेच.