गुपित उघडल्यानंतरची जबाबदारी

घरातील कर्ता पुरुष निवर्ततो, तेराव्यानंतर त्याची जुनी पेटी उघडली जाते, तीत एखादे पिवळे पडलेले पाकीट सापडते, आणि त्या पाकिटातून कोणा सावत्र भावंडाचा किंवा दत्तक देऊन टाकलेल्या अपत्याचा ठाव लागून, दोन-चार प्रकरणांच्या अश्रुपातानंतर सर्वांचे सर्वांशी मनोमीलन होते, अशा धाटणीच्या कथा-कादंबऱ्यांना आणि मालिकांना सध्या उदंड वाचक-प्रेक्षक लाभत आहेत. त्यांना हिणवण्याचे कारण नाही. कुटुंब ही संस्था जिथे इतकी बळकट आहे तिथे तिच्या तळघराविषयीचे कुतूहलही बळकट असणारच. माझा आक्षेप एवढाच आहे, की या कथा गुपितालाच गोष्टीचा शेवट समजतात आणि दुसरी संधी ही जणू रडण्याच्या मोबदल्यात मिळणारी बक्षिसी असल्याप्रमाणे ती पात्रांच्या पदरात टाकून मोकळ्या होतात. प्रत्यक्ष संसारात गुपित उघडले म्हणजे गोष्ट सुरू होते, आणि दुसऱ्या संधीची किंमत कोणाला तरी पदरमोड करून चुकवावी लागते.

याचे उदाहरण शोधण्यासाठी मला जळगावपासून हाकेच्या अंतरावरच्या असोद्याहून दूर जावे लागत नाही. पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या भरतासाठी थंडीत ज्या गावाच्या शिवारात पाहुण्यांची रीघ लागते, त्याच गावात 1880 साली महाजनांच्या घरी कवयित्री बहिणाबाईंचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरींच्या घरी नांदायला गेल्या, तिशीतच त्यांना वैधव्य आले, आणि शेतात राबताना किंवा घरोटावर दळताना त्या जी गाणी रचीत, ती अक्षरओळख नसल्यामुळे त्यांच्या तोंडीच राहिली. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्यांतील काही लिहून ठेवली, म्हणून ती वाचली. घराला ही गाणी ठाऊक होती. ती दडवण्याचा कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. परंतु घरातील बाईच्या दळण-कांडणाबरोबरचे बोलणे हे साहित्य असू शकते, हे कोणाला जाहीरपणे म्हणवत नव्हते, आणि असा संकोच एखाद्या कटाइतकाच परिणामकारक असतो.

3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी भीतभीतच ती गाणी आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली. अत्र्यांनी त्यांचे मोल तत्काळ ओळखले, आणि 1952 साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढचा इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. 2018 साली तर उत्तर महाराष्ट्र विद्यापीठालाच त्यांचे नाव देण्यात आले. या हकिकतीत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ती सोपानदेवांची भूमिका. ते स्वतः नावाजलेले कवी होते. आईची गाणी छापून आली तर तिच्या शब्दांपुढे आपल्या शब्दांचे काय होईल, हा प्रश्न कोणाही कवीच्या मनात उभा राहिला असता. आज बहुसंख्य वाचक त्यांना बहिणाबाईंचे चिरंजीव म्हणूनच ओळखतात, यावरून त्या निर्णयाची किंमत कळते. दुसरी संधी मिळाली ती गाण्यांना. ती ज्यांनी रचली त्या बाईला तिचा एक कणही मिळाला नाही. एखाद्या आजच्या कादंबरीकाराने हा प्रसंग घेतला असता तर मृत्युशय्येवरील आईच्या हाती छापील पुस्तक ठेवण्याचा मोह त्याला आवरला नसता. वास्तवाने तो आवरला, आणि म्हणूनच ती हकिकत सत्तर वर्षांनंतरही आपल्याला टोचते.

मराठीतील समर्थ लेखकांना हे उमगलेले आहे. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ या 1985 सालच्या नाटकात दागिन्यांभोवती घालमेल चालते खरी, पण त्या वाड्याचे खरे दुखणे शिकण्याची इच्छा मारली गेलेली घरची लेक प्रभा आहे. आणि तिचे वाया गेलेले आयुष्य कोणत्याही वाटणीपत्राने परत येत नाही. शांता गोखले यांच्या ‘रीटा वेलिणकर’ या कादंबरीत विवाहित पुरुषाशी वर्षानुवर्षे लपवून ठेवलेल्या संबंधाचा भार नायिकेला आजारपणापर्यंत नेतो, तिथून तिला नवे जगणे लाभते, ते कोणी क्षमा केली म्हणून लाभत नाही, आपला हिशेब तिने स्वतः मांडला म्हणून लाभते.

आता आपल्या घरांकडे वळू. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, गाणी होतात, पुरणपोळी आणि आमरस होतो. आणि याच माहेरपणाच्या चार दिवसांत कित्येक घरांत एक दिवस दुय्यम निबंधकाच्या कचेरीसाठीही राखून ठेवलेला असतो. वडिलांच्या पश्चात वारस म्हणून सातबाऱ्यावर चढलेले बहिणीचे नाव उतरवण्यासाठी हक्कसोडपत्र तयार असते, मुद्रांक आणलेला असतो, आणि ‘ताई, फक्त सहीचं काम आहे,’ असे म्हणून भाऊ मोटारसायकल काढतो. ताई सही करते. कारण जमिनीचा हिस्सा मागितला तर आखाजीचे बोलावणे बंद होईल, हे तिला कोणी न सांगताही पक्के ठाऊक असते. संध्याकाळी साडी-चोळी होते, पुढे यथावकाश फेरफार मंजूर होतो, आणि या विषयाची वाच्यता पुन्हा होत नाही. महाराष्ट्राने 1994 साली त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना आणि केंद्राने 2005 साली सर्वच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. राजीखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीही असतात, हे मान्य. पण ती राजीखुशी किती आणि भय किती, हे दस्तऐवजात लिहिलेले नसते. मला तर पिवळ्या पाकिटापेक्षा हा फेरफार अधिक मोठे कौटुंबिक रहस्य वाटतो, आणि तरी त्यावर उभी राहिलेली कादंबरी मला क्वचितच दिसते.

यावर कोणी म्हणेल, की सर्वच गुपिते चव्हाट्यावर आणण्याजोगी नसतात; झाकली मूठ सव्वा लाखाची. खरे आहे. एखाद्या दुर्बळ व्यक्तीच्या रक्षणासाठी बाळगलेले मौन हा सद्गुणच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा संकटात सापडलेल्या विधवांना त्यांनी गुप्तपणे बाळंत होण्याची हमीच दिली होती. पण त्याच दांपत्याने काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या पोटी 1874 साली जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले, तेव्हा त्याचे मूळ लपवले नाही. 1887 सालच्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला उघडपणे आपला वारस केले. तो मुलगा डॉक्टर झाला, आणि 1897 च्या प्लेगमध्ये त्याच्याबरोबर रुग्णसेवा करीत असतानाच सावित्रीबाईंचे निधन झाले. मौन कोणाचे रक्षण करते, दुबळ्याचे की बळजोराचे, हाच इथे निकष आहे. त्या गृहात आलेल्या विधवांविषयी पाळलेली गुप्तता दुबळ्याचे रक्षण करीत होती. बहिणीच्या सहीविषयी पाळलेली गुप्तता सातबाऱ्याचे रक्षण करते.

तेव्हा दुसऱ्या संधीच्या कथा लिहिणाऱ्यांपाशी माझे मागणे मोठे नाही. गुपित पहिल्या प्रकरणातच उघडू द्यावे, आणि उरलेल्या तीनशे पानांत, ज्यांना त्या गुपिताचा लाभ झाला त्यांनी काय परत केले ते सांगावे: कोणत्या भावाने फेरफार पुन्हा फिरवून घेतला, कोणत्या मुलाने आईची वही ती हयात असताना छापली, कोणत्या सासऱ्याने सुनेचे थांबवलेले शिक्षण स्वतःच्या खर्चाने पुरे केले. अशी कादंबरी खानदेशात लिहिली जावी असे मला फार वाटते. तिची सामग्री तलाठ्याच्या दफ्तरात आणि घरोघरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि त्यांपैकी दुसरी फार काळ वाट पाहणार नाही.