नाव नव्हे, वागणे पाहा

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री १० दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. त्या हल्ल्यात १६६ लोकांचे प्राण गेले. पण हल्ल्याची तयारी दोन वर्षे आधीच सुरू झाली होती. दाऊद गिलानीने २००६ मध्ये अमेरिकेत नाव बदलून डेव्हिड हेडली केले, ताडदेवला इमिग्रेशनचे ऑफिस थाटले, जिममध्ये मित्र जोडले आणि ताज हॉटेल, सीएसटी, नरिमन हाऊस कॅमेऱ्यात टिपले. अमेरिकन पासपोर्ट आणि इंग्रजी नाव हीच त्याची ढाल ठरली.

बोधगयेचा अनुभव तर आपल्या जिव्हारी लागलेला आहे. ७ जुलै २०१३ च्या पहाटे महाबोधी महाविहार परिसरात साखळी स्फोट झाले, दोन भिक्खू जखमी झाले. २०१८ मध्ये पाटण्याच्या विशेष न्यायालयाने पाच जणांना जन्मठेप दिली. एनआयएच्या तपासानुसार आधी जागेची रेकी झाली होती आणि बॉम्ब ठेवणारा भिक्खूच्या वेशात आला होता.

म्हणजे नाव, धर्म, दाढी किंवा चीवर पाहून संशय घेणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे. आडनावावरून माणूस जोखण्याची प्रथा आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे. तीच फूटपट्टी आपण दुसऱ्यांना लावायची नाही.

मग पाहायचे काय? वागणे. बंदोबस्त कधी बदलतो, मागचे दार कुठे उघडते, कॅमेरा कुठे नाही, असे प्रश्न कार्यक्रमाशी संबंध नसलेला कुणी पुन्हा पुन्हा विचारत असेल, मूर्ती सोडून गेट आणि जिन्यांचेच व्हिडिओ काढत असेल, तर त्याची नोंद घ्या.

बरीच माहिती मात्र आपणच वाटत असतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंची गर्दी असते. स्वयंसेवकांची ड्युटी, पाहुण्यांच्या गाडीचा नंबर, भन्तेजींचा मुक्काम हे सगळे शेकडो अनोळखी सदस्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. ज्याला ज्या कामासाठी लागेल, तेवढीच माहिती त्याला द्या. नेत्यांचा दौरा चालू असताना लाइव्ह लोकेशन नको, फोटो कार्यक्रम संपल्यावर टाका. फोनवर 'अधिकारी' म्हणवून यादी मागणाऱ्याची आधी खातरजमा करा.

बेवारस बॅग दिसली तर हात लावू नका, लोकांना शांतपणे दूर न्या आणि ११२ ला कळवा. संशयिताला घेराव घालू नका, त्याचा फोटो व्हायरल करू नका. तो निर्दोष असेल तर जमावाच्या हातून त्याचा जीव जाऊ शकतो.

येत्या बैठकीत प्रत्येक विहार समितीने दोन गोष्टी ठरवाव्यात: कोणती माहिती कुणाकडे राहील आणि पोलिसांशी कोण बोलेल. एवढे काम आपल्या हातातले आहे.

जय भीम!