चेंडू माळ्यावर टाकण्यापूर्वी

परीक्षा महिन्यावर आली की घराघरांत चेंडू माळ्यावर जातो. "पुरे झाले खेळणे, पुस्तक घे," असे आपण मुलाला दरडावतो. पोटाला चिमटा घेऊन शिकवणाऱ्या आई-बापांची ही धास्ती आम्हाला समजते. अमेरिकेत मात्र शाळांनीच अशी धास्ती घेतली. तिथल्या लॅटिनो मुलांची ही हकीकत पालकांनी जरूर वाचावी.

मेक्सिको, ग्वाटेमाला, पोर्तो रिको अशा मुलखांशी नाते असलेल्या लोकांना तिथे लॅटिनो म्हणतात. शेतमजुरी, बांधकाम, साफसफाई ही कामे त्यांतल्या पुष्कळांच्या वाट्याला आली. कॅलिफोर्नियात त्यांच्या मुलांसाठी वेगळ्या 'मेक्सिकन शाळा' असत. ऑरेंज काउंटीतले मेंडेझ आणि इतर पालक त्याविरुद्ध कोर्टात गेले, १९४६ साली जिंकले, आणि १९४७ साली वरच्या कोर्टातही तो निकाल कायम राहिला. शाळेच्या दारासाठी लढावे लागणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

दार उघडले, पण पुढे मैदान आक्रसले. २००२ साली तिथे नवा शिक्षण कायदा आला. वाचन-गणिताच्या चाचणीत मुले मागे पडली की शाळेवर ठपका. मग अनेक शाळांनी खेळाचा तास आणि मधली सुट्टी कापून तिथे गणित घातले. शिकागोच्या कित्येक सरकारी शाळांत तर त्याही आधीपासून खेळाची सुट्टी नव्हती. ती २०१२ साली परत आली.

खेळ कापून गुण वाढतात का? अमेरिकन सरकारच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१० साली ५० अभ्यास एकत्र तपासले. व्यायाम आणि अभ्यास यांचे जे संबंध त्यांत पाहिले गेले, त्यांतल्या निम्म्यांत फायदा दिसला. उरलेल्यांत बहुतेक ठिकाणी फरकच नव्हता, आणि तोटा शंभरात जेमतेम दीड ठिकाणी. खेळल्याने पहिला नंबर येतो असे आम्ही म्हणणार नाही. पण खेळाचा तास गुण खातो, हे मात्र खरे नाही. इलिनॉय विद्यापीठात २००९ साली नऊ-दहा वर्षांच्या २० मुलांना वीस मिनिटे भरभर चालवले, तेव्हा त्यांचे लक्ष आणि वाचनातले आकलन बसून राहिल्यानंतरच्यापेक्षा चांगले आढळले. मुले वीसच, म्हणून फार उड्या मारू नयेत. पण वीस मिनिटे चालायला खर्च तरी काय येतो!

आता मॅकफार्लंडचे सांगतो. कॅलिफोर्नियातले हे बदामबागांचे गाव, वस्ती बहुतेक लॅटिनो शेतमजुरांची. तिथल्या शाळेतली मुले आई-बापांबरोबर शेतात राबत. राबणे हाच व्यायाम, असे कोणी म्हणेल. पण ओझ्याने वाकणे वेगळे आणि आपल्या मनाने धावणे वेगळे. जिम व्हाइट या शिक्षकांनी १९८० साली त्यांचा लांब पल्ल्याच्या धावण्याचा संघ बांधला. सराव बागांमधल्या वाटांवर. १९८७ साली हा संघ राज्यात पहिला आला, आणि पुढच्या काळात पुन्हा पुन्हा. त्यांतली कित्येक मुले महाविद्यालयात गेली. काही जण शिक्षक होऊन त्याच गावी परतले. हे एकट्या धावण्याने झाले असे नाही. रोज वेळेवर येणारा, घरी जाऊन आई-बापांची समजूत काढणारा शिक्षकही त्यांना मिळाला होता.

मुलींचे मात्र राहूनच जाते. सहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज तासभर अंगाला घाम येईल असे हलावे, असे तिथल्या सरकारचे सांगणे आहे. पण मुलग्यांपेक्षा मुली कमी हलतात, हे तिथल्या राष्ट्रीय पाहण्यांत वर्षानुवर्षे दिसत आले आहे. भगिनींनो, तुमची लेक शाळेतून आल्यावर किती वेळ खेळते, आणि त्या वेळी भांडी कोण घासते, हे आम्हाला पत्राने कळवाल का?