दंड भरण्यापूर्वी अपिलाचा विचार करा



राहू बेटातील उसाच्या फडात वा गुऱ्हाळावर राबणाऱ्या एखाद्या कुटुंबाचा विचार करा. बांधावरून भांडण झाले, खटला झाला, दौंडच्या कोर्टात हेलपाटे सुरू झाले. कोणीतरी शहाणा सांगतो, "कबूल करून टाक, थोडक्यात सुटशील." तो कबूल करतो; आणि पदरी पडते ती कैद व पेलवणार नाही एवढा दंड. मग शेळ्या विकल्या जातात, बायकोचे डोरले सावकाराकडे जाते. अपिलाचे नावही कोणी काढीत नाही. कोर्ट बोलले म्हणजे संपले, अशी आपली समजूत! ही समजूत अज्ञानाची आहे आणि ती फार महाग पडते.

कबुली दिल्यावर दाद मागता येत नाही, हे अर्धसत्य होय. मॅजिस्ट्रेटपुढे कबुली दिली असली तर गुन्हा शाबीत झाल्याबद्दल तक्रार चालत नाही, हे खरे. परंतु शिक्षा फार झाली किंवा ती कायद्यास धरून नाही, एवढ्या मुद्द्यावर सेशन्स कोर्टात अपील करता येते. मात्र शंभर रुपयांपर्यंतच्या नुसत्या दंडाला अपील नाही. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढविता येत नाही, तेव्हा त्या भीतीने घरी बसण्याचे कारण नाही. दंडाची कमाल रक्कम कायद्याने ठरविली नसेल तेथेही तो बेसुमार असू नये, असे भारतीय न्याय संहितेतच लिहिले आहे. प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेटची दंडाची मर्यादा १ जुलै २०२४ पासून दहा हजारांवरून पन्नास हजारांवर गेली, म्हणून हे वाक्य आज अधिक मोलाचे आहे.

पुण्यातीलच एक उदाहरण घ्या. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकाबद्दल दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदींना खालच्या कोर्टाने कैद व दंड ठोठावला. त्यांनी तो निमूटपणे सोसला नाही. अपिलात बाबासाहेब उभे राहिले आणि ऑक्टोबर १९२६ मध्ये सर्वजण निर्दोष सुटले. तेथे प्रश्न शिक्षेच्या प्रमाणाचा नव्हता, हे मी जाणतो. पण खालच्या कोर्टाचा शब्द अखेरचा नसतो, हे त्या निकालाने पुण्याला दाखविले.

वकिलाला पैसे कोठून आणावे, असे आपण विचाराल. १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये अनुसूचित जातीच्या व्यक्तीस, स्त्रीस आणि कोठडीतील माणसास फुकट वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींत धरले गेले. धर्मांतराने हा हक्क गेला, असे कोणी सांगितले तर त्याचे ऐकू नका. फक्त जातीचा दाखला जवळ ठेवा.

कैदेची शिक्षा होताच निकालपत्राची नक्कल विनामूल्य मागून घ्या. अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे. अपील दाखल होताच शिक्षा व दंड तहकूब ठेवण्याचा अर्जही त्याच वेळी करावा. माणूस तुरुंगात असेल तर तुरुंगाधिकाऱ्याच्या हाती दिलेला अपिलाचा अर्ज त्याने कोर्टाकडे पाठविलाच पाहिजे. डोरले सावकाराकडे नेण्याआधी या तीस दिवसांचा हिशेब करा.