यंदा गावची भेट विकत घेऊ या

गावकऱ्यांनो, मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांनो आणि कोकणावर जीव असणाऱ्या सर्वांनो,

मे महिना सरत आला, की परतीच्या गाडीत चढताना आपल्या हातात एक पिशवी येते. तिच्यात कोकमाची सोलं असतात, आंब्याची साठं असतात, कुळथाची पिठी, फणसाचे पापड, कागदात गुंडाळलेली आगळाची बाटली. "घेवन जा, पोरांका होतला," असं म्हणत काकी ती हातात कोंबतेच. पैशाचं नाव काढलं तर तिला राग येईल, म्हणून आपण ते काढत नाही. वर्षानुवर्षं हे असंच चाललं आहे. यंदा ते बदलावं, एवढ्यासाठी हे आवाहन.

त्या पिशवीतली सोलं कशी होतात, ते एकदा खळ्यात बसून पाहा. पिकलेले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायचे, बिया वेगळ्या काढायच्या. बियांभोवतीच्या रसात मीठ घालून सालं त्यात बुडवायची आणि उन्हात पसरायची. ती गोळा करून पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. सालं काळसर आणि मऊ होईपर्यंत हे दिवसामागून दिवस करायचं. बोटांवरचा लाल डाग मोसमभर जात नाही. मेच्या अखेरीस आभाळ भरून आलं, की तव्यावरची भाकरी तशीच टाकून खळ्यात धावायचं. एक जोराची सर आठवड्याची मेहनत नासवते. आणि हे सगळं घरातली, गोठ्यातली कामं आटपून. त्यातली चार किलो नात्यात वाटली जातात. उरलेली दारात आलेला व्यापारी त्याच्या काट्यावर, त्याच्या भावाने पोत्यात भरून नेतो. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, कोकणाचं नाव झालं. पण त्या पोत्यावर ना वाडीचं नाव असतं, ना काकीचं.

माल चांगला असला की तो आपसूक खपतो, असं मलाही वाटायचं. दोन वर्षांपूर्वी वाडीतल्या बचत गटाची पन्नास पाकिटं घेऊन मी शहरातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने सोल चाखलं, मान डोलावली, पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं. निव्वळ वजन नाही, किंमत नाही, पाकीट कधी भरलं ते नाही, नोंदणी क्रमांक नाही. त्याचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्या दुकानाने पाकिटं ठेवून घेतली, पण खपल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर. ते पैसे दिवाळीनंतर हातात आले. गटाच्या बायकांना कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला भरावा लागतो. पुढच्या मोसमात त्यांनी निम्मीच सोलं केली.

म्हणजे चवीत कमी काहीच नाही. घोडं अडतं ते पाकिटावर आणि वेळेवर न मिळणाऱ्या पैशावर. या दोन्ही गोष्टी आपल्याला सोडवता येण्याजोग्या आहेत. म्हणून प्रत्येकाकडे एकेक मागणं.

चाकरमान्यांनो, शिमग्याला पालखी नाचवायला याल, तेव्हाच सोलांची आणि आगळाची मागणी नोंदवा आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. मे महिन्यात माल ताब्यात घ्या आणि उरलेले पैसे तिथेच चुकते करा. पिठी, पापड आणि मालवणी मसाल्यासाठी गणपतीत हेच करा. भाव काकी सांगेल तो, घासाघीस नको. मायेने दिलेली मूठभर सोलं जरूर घ्या, पण त्याशिवाय दोन किलो विकत घ्या.

मुंबईतल्या गावमंडळांना विनंती, की वाडीवाडीची मागणी एकत्र करा. माल एकदम आला, की वाहतुकीचा खर्च वाटला जातो. ठाणे, डोंबिवली, विरारमधल्या आपापल्या सोसायटीत वर्षातून दोन रविवार एक टेबल मांडू द्या.

शिकलेल्या मुलामुलींनो, तुमची मदत सगळ्यांत मोलाची आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार घरगुती उत्पादकालाही नोंदणी लागते. ती ऑनलाइन होते आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापायचा असतो. तुम्हाला एका दुपारचं काम, पण काकीला तो डोंगर वाटतो. अर्ज भरून द्या, साधं स्वच्छ लेबल करून द्या. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत बचत गटाच्या प्रत्येक सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद करण्यात आली. अशा योजनांची चौकशी गटासोबत जाऊन करा. बचत गटांसाठीच्या 'उमेद' अभियानाच्या तालुका कार्यालयात त्यांच्याबरोबर कुणीतरी बसलेलं असलं, तरी निम्मी भीती जाते.

दुकानदार आणि खानावळवाल्यांनो, या बायकांचा माल रोखीने घ्या. ते जमत नसेल तर १५ दिवसांत पैसे द्या.

आणि वाडीतल्या माझ्या बहिणींनो, तुमच्याकडेही मागणं आहेच. वजन पुरेपूर असू दे. पावसात सापडलेली सोलं वेगळी काढा, गेल्या वर्षीचा माल नव्यात मिसळू नका, आगळात रंग नको. एका पाकिटाची तक्रार आली, तर अख्ख्या वाडीचं नाव जातं. आणि चांगल्या मालावर नाव उभंही राहतं. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका चाळीच्या गच्चीवर सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून 'लिज्जत' उभं राहिलं. देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा आलं ते पापडासाठी. तुमच्या सोलांमध्येही तेवढंच बळ आहे.

शिमगा तोंडावर आला आहे, त्यानंतर थोड्याच दिवसांत रातांबे पिकू लागतील. पालखी घरी येऊन गेली, की काकीजवळ बसा आणि विचारा, "काकी, यंदा सोलां किती करतलंस? माझी पाच किलो धर." पैसे पुढे केलेत की पहिल्यांदा ती रागावेल. तरी ते तिच्या हातात ठेवा. पुढच्या वर्षी भाव ती आपणहून सांगेल.

आपला,
गावी परतलेला एक चाकरमानी