आधी ब्रश, मग यंत्र

चार माणसांच्या घरात ब्रश किती असतात, हे कधी मोजून पाहिले आहे का? दात घासायचे माणशी एक, हे झाले चार. धुण्याच्या दगडाजवळचा एक, न्हाणीघरातला एक, संडासातला एक. बुटांच्या पॉलिशचा, दाढीचा, केसांना कलप लावायचा, बाळाच्या दुधाच्या बाटलीचा, मुलांच्या रंगपेटीतले दोन-तीन, दिवाळीच्या रंगकामातून उरलेला माळ्यावरचा एक. चौदा-पंधरा सहज भरतात.

आणि भाषेची गंमत पाहा. आपल्या भागातल्या घरांत सासूबाई ‘केरसुणी’ म्हणतात आणि कन्नड माहेरची सून ‘कसबरिगे’ म्हणते. पण चित्रकाराच्या हातातल्या वस्तूला मराठीत ‘कुंचा’ किंवा ‘कुंचला’ आणि कन्नडमध्ये ‘कुंच’. शब्द एकच, घर एकच! ‘ब्रश’ हा पाहुणा तर दोन्ही भाषांत कधीच घरचा होऊन बसला आहे.

हा विषय आज घेण्याला कारण आहे. खानापूरच्या बाजूला दिलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी गेल्या वर्षी घरी आली होती. हातात एका जाहिरातीचे कात्रण. ‘घरबसल्या ब्रश बनवा. मशीन आमची, कच्चा माल आमचा, तयार माल आम्हीच घेणार.’ मशीनची किंमत दीड लाख. सोने तारण ठेवून पैसे उभे करायचे ठरत आले होते. “मॅडम, घ्यायचं का सोडायचं, सांगा की,” असे म्हणून ती समोर बसली. मी अर्थशास्त्र शिकवते, यंत्रे नव्हे. पण वर्गात श्रमविभागणी शिकवताना टाचणीच्या कारखान्यासोबत मी ब्रशचेही उदाहरण देते, त्यामुळे ते यंत्र काय करते एवढे मला ठाऊक होते. तिला जे सांगितले, ते थोडे विस्ताराने सर्वांसाठी लिहिते आहे, कारण अशी कात्रणे अनेक घरांत पोहोचलेली आहेत.

ब्रश म्हणजे भोके पाडलेला एक ठोकळा आणि त्या भोकांत घट्ट बसवलेले राठ केसांचे किंवा तंतूंचे गुच्छ. सगळी अडचण ‘घट्ट’ या एका शब्दात आहे. हाताने ब्रश बनवणारे कारागीर हे दोन प्रकारे साधत. एक, गुच्छाचे बूड दोऱ्याने बांधून गरम राळेत बुडवायचे आणि भोकात रोवायचे. दुसरे, मागच्या बाजूने भोकातून तारेचा फास पुढे काढायचा, त्यात गुच्छ अडकवायचा आणि मागून ओढायचा. गुच्छ मधोमध दुमडून भोकात रुततो. मागे दिसणारी तार झाकायला वरून दुसरी फळी लावतात. एकेका भोकासाठी हे सगळे करायचे. समजा, एका गुच्छाला दहा सेकंद लागली, तर चाळीस गुच्छांच्या ब्रशला जवळजवळ सात मिनिटे. तीही न थकणाऱ्या हातांची!

यंत्र हेच काम वेगळ्या रीतीने करते. एका पेटीत तंतू आडवे रचलेले असतात. अर्धचंद्रासारखी खाच असलेला एक भाग त्यांना घासून जातो आणि खाचेत मावतील तेवढेच तंतू उचलतो. मोजणी नाही, वजन नाही. खाच हेच माप. तेवढ्यात रिळावरच्या चपट्या तारेचा छोटा तुकडा कापला जातो. एक पोलादी पट्टी तो तुकडा गुच्छाच्या मध्यावर दाबते, गुच्छ दुमडून इंग्रजी ‘यू’सारखा होतो आणि तुकड्यासकट भोकात ठोकला जातो. हा तुकडा भोकापेक्षा किंचित रुंद असतो. म्हणून तो दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकमध्ये किंवा लाकडात रुतून बसतो आणि गुच्छ सुटत नाही. जुना दात घासायचा ब्रश नीट निरखून पाहिला, तर गुच्छांच्या मुळाशी ही चकचकीत तार दिसते. आजची वेगवान यंत्रे मिनिटाला हजाराच्या घरात गुच्छ ठोकतात. म्हणजे मघाचा सात मिनिटांचा ब्रश अडीच-तीन सेकंदांत.

गुच्छ बसले की वरची टोके एका पातळीत कापतात. इथे एक पायरी आहे, ती आपल्या हिरड्यांशी थेट संबंधित आहे. कापलेल्या नायलॉनच्या तंतूचे टोक धारदार असते. चांगल्या कारखान्यात ही टोके फिरत्या घर्षण-चकत्यांवर घासून गोल करतात. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचे डॉ. चार्ल्स बास यांनी १९४८ मध्ये दातांच्या ब्रशचे गुणधर्म ठरवताना तंतूची जाडी ०.००७ इंच, म्हणजे सुमारे ०.१८ मिलिमीटर, आणि टोक गोल हवे, असे आग्रहाने मांडले. आठवडी बाजारातल्या अगदी स्वस्त ब्रशात वाचवली जाण्याची शक्यता असते ती हीच पायरी, कारण ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. घरात भिंग असेल तर मुलांना हा प्रयोग जरूर करायला द्या. मऊ ब्रश घ्या, आणि तीन-चार महिन्यांत बदला. तंतू फिसकटले तर त्याआधीच.

नायलॉन येण्यापूर्वी हे गुच्छ रानडुकराच्या किंवा डुकराच्या केसांचे असत. आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या कित्येकांना ही कल्पनाच असह्य वाटे. बाभळीची, कडुनिंबाची काडी किंवा राखुंडी त्यांना पुरत असे, यात नवल नाही. डु पाँट कंपनीत वॅलेस कॅरोदर्स यांनी १९३५ मध्ये नायलॉन तयार केले आणि १९३८ मध्ये ते बाजारात प्रथम आले ते दातांच्या ब्रशच्या रूपाने. पायमोजे आणि साड्या नंतरच्या! नायलॉनचा तंतू सगळीकडे सारख्या जाडीचा. प्राण्याच्या केसाला मात्र बूड जाड असते आणि टोक फुटलेले असते. ते केस धुवायचे, उकळायचे, सरळ करायचे, लांबीप्रमाणे निवडायचे आणि सगळ्यांची बुडे एका बाजूला आणायची, यात कारागिराचा बराच वेळ जाई. एकसारखा तंतू आला आणि यंत्राचा वेग खऱ्या अर्थाने वाढवता आला.

रंगाच्या ब्रशात मात्र ते फुटलेले टोकच गुणाचे, कारण रंग त्यात धरून राहतो. म्हणून तिथे प्राण्यांच्या केसांची मागणी टिकली. उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातले शेरकोट हे गाव रंगाच्या आणि चित्रकलेच्या ब्रशांसाठी देशभर ओळखले जाते. मुंगुसाच्या केसांच्या ब्रशांचा बेकायदा धंदाही तिथे चाले. २०१९ मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने देशात अनेक ठिकाणी छापे पडले, त्यांत शेरकोटही होते. मराठीत मुंगूस, कन्नडमध्ये मुंगुसी. दोन्ही भाषांतल्या गोष्टींत तो बाळाचा राखणदार. मुलांना ब्रश घेऊन देताना ‘सिंथेटिक’ मागून घ्या. निमुळत्या टोकाचा कृत्रिम तंतू आता यंत्रावर बनतो, त्यामुळे चित्रकलेसाठी प्राणी मारण्याचे काही कारण उरलेले नाही.

आता यंत्राच्या जन्माची गोष्ट. जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराळ भागात टोटनाऊ नावाचे छोटे गाव आहे. थंडी कडक, शेतीचे उत्पन्न बेताचे. तिथे १७७० मध्ये लेओदेगार थोमा या गृहस्थाने ब्रश बनवण्याचा धंदा सुरू केला, असे मानले जाते. घरोघरी ब्रश बनू लागले. कुणी लाकूड कापी, कुणी भोके पाडी, कुणी गुच्छ बसवी, आणि फेरीवाले ते पाठीवर घेऊन गावोगाव विकत. पिढ्यान्‌पिढ्या हे चालल्यावर १९०२ मध्ये त्याच गावात आंटोन त्साहोरान्स्की यांनी ब्रश बनवण्याची यंत्रे तयार करणारी कंपनी काढली. ती आजही त्याच गावात आहे आणि जगभर यंत्रे पाठवते. बेल्जियममधल्या इझेगेमचेही तसेच. ते गाव जोड्यांचे आणि ब्रशांचे. तिथे १९२८ मध्ये बुशेरी ही ब्रश-यंत्रांची कंपनी उभी राहिली.

यातला क्रम लक्षात घ्या. १७७० आणि १९०२ यांच्यात एकशे बत्तीस वर्षे आहेत. आधी ब्रश बनवणारे हात होते, विकत घेणारे लोक होते, कुठला ब्रश चालतो आणि कुठला परत येतो याचे ज्ञान होते. यंत्र आले ते त्यानंतर, त्या ज्ञानातून, त्याच गावातल्या माणसांच्या डोक्यातून. यंत्राने धंदा आणला नाही. धंद्याने यंत्र आणले.

कात्रणातली जाहिरात हा क्रम नेमका उलटा करते. बाजार ठाऊक नाही, माल ठाऊक नाही, आणि पहिली पायरी म्हणून यंत्र घ्या! म्हणून त्या मुलीला मी चार प्रश्न लिहून दिले आणि विकणाऱ्याकडून त्यांची उत्तरे आणायला सांगितली.

पहिला : तंतू, तार आणि भोके पाडलेले ठोकळे तुमच्याखेरीज आणखी कुणाकडे मिळतात? एकाच दारातून कच्चा माल यायचा आणि त्याच दारातून तयार माल जायचा असेल, तर दोन्ही भाव तोच माणूस ठरवणार. तुमच्या वाट्याला उरेल ती मजुरी, आणि तीही स्वतःच्या भांडवलावर.

दुसरा : माल परत घेण्याचा करार कागदावर आहे का, किती वर्षांचा, आणि ‘माल नापास’ हे कोण ठरवणार? गुच्छ ओढून किती जोर लावल्यावर सुटला तर नापास, याचे माप लिहिलेले आहे का? माप नसेल, तर कुठलाही माल केव्हाही नापास होऊ शकतो.

तिसरा : खाचेचा भाग आणि ठोकणारी पोलादी पट्टी झिजतात. खाच झिजली की गुच्छाचे माप बिघडते, मग ब्रश कधी विरळ, कधी इतका दाट की ठोकळाच तडकतो. हे भाग मिळणार कुठे, किती दिवसांत?

चौथा हिशेबाचा. समजा, सगळा खर्च जाऊन ब्रशमागे दोन रुपये सुटले. दीड लाख वसूल व्हायला पंचाहत्तर हजार ब्रश विकावे लागतील. दिवसाला दोनशे म्हटले तरी तीनशे पंचाहत्तर दिवस, एकही सुट्टी न घेता. त्यात तारणावरचे व्याज धरलेले नाही. पंचाहत्तर हजार ब्रश घेणार कोण?

विकणाऱ्याने पहिल्या तीन प्रश्नांना ‘तुम्ही काळजी करू नका’ एवढेच उत्तर दिले. चौथा त्याला विचारण्याची गरजच उरली नाही. सोने तिजोरीत राहिले. तिने पाच हजार रुपयांत ठोकात काथ्याचे, प्लॅस्टिकचे ब्रश आणि झाडू आणले, ते आठवडी बाजारात मांडले, आणि वहीत कुठला किती विकला हे लिहायला सुरुवात केली. धुण्याचा ब्रश बायका गुच्छ ओढून पाहिल्याशिवाय घेत नाहीत, हे तिने मला फोनवर सांगितले. कुठल्याही कात्रणापेक्षा ही माहिती मोलाची आहे.

पण यंत्रांपासून लांब राहा, असा याचा अर्थ कुणी काढू नये. निदान बेळगावने तरी नाहीच. ओतकाम आणि यंत्रभाग ही आपल्या उद्यमबागेची ओळख. हत्तरगीच्या वसाहतीत तर विमानांचे भाग बनतात. टोटनाऊच्या त्याच कंपनीने भारतात पाय रोवले ते कोइमतूरला, म्हणजे पंप, ओतकाम आणि टूलरूम यांच्या गावात. खाचेचा भाग घासून देणारा, पट्टीला पाणी देणारा, कॅम कापणारा कारागीर आपल्याकडेही गल्लीगल्लीत आहे. मात्र बहुतेक वेळा तो दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर दुसऱ्याचा जॉब करतो.

इकडे कोकणातला काथ्या घाटाखाली पडलेला आहे. दक्षिणेतून ताडाचा राठ तंतू ब्रशांसाठी परदेशी जातो. बाजारात बसलेल्या बाईला माहीत आहे की गिऱ्हाईक गुच्छ ओढून पाहते. आणि उद्यमबागेतल्या फिटरला माहीत आहे की तो गुच्छ सुटू नये म्हणून तारेचा तुकडा भोकापेक्षा किती रुंद हवा. ही दोन माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, एवढीच काय ती अडचण. आमच्यासारख्या महाविद्यालयांनी एखाद्या शनिवारी त्यांना एका टेबलाशी बसवले, आणि बोलणे मराठीत झाले की कन्नडमध्ये याची फिकीर केली नाही, तर दीड लाखाच्या कात्रणापेक्षा अधिक भरवशाचे काही त्यातून निघेल, असे मला वाटते.